शेवटचे दोन ठोके

सन दोन हजार तेवीस. अंबादास तेव्हा सत्तर वर्षांचा होता. मी एकाहत्तरचा. मी मोठा, हे आधीच सांगून ठेवतो, कारण चार माणसांत बसला की तो स्वतःला थोरला म्हणवून घेतो.

तर सत्तराव्या वर्षी अंबादासनं अल्बम काढायचं ठरवलं. गाणारा कुणी नाही, नुसतं वाजवणं. अकॉर्डियन आणि पियानो, दोन्ही हाच वाजवणार. आता अडचण अशी, की या माणसाला उभं राहून वाजवता येत नाही. बसूनही येत नाही. चालतानाच येतं.

आमच्या बँडमध्ये चाळीस वर्षं तो वरातीपुढं चालत वाजवत आला. अंगात लाल कोट, छातीवर अकॉर्डियन, डोळे मिटलेले. पाय थांबले की बोटं थांबली. एका लग्नात नवरीच्या मामानं कौतुकानं खुर्ची पुढं केली, "मास्तर, जरा बसून ऐकवा की." अंबादास बसला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून पाहुण्यासारखा सगळ्यांकडं बघत राहिला. "चालत्या पायालाच सूर लागतो," हे त्याचं ठरलेलं वाक्य. बायकोनं भाजीला पाठवलं तरी हेच म्हणून बाहेर पडायचा, आणि गुणगुणत भाजीशिवाय परत यायचा.

मी त्याच्या डाव्या हाताला. मोठा ढोल माझा. डोळे मिटून चालणाऱ्याला एक डोळस माणूस लागतो, तो मी. खड्डा आला की कोपरानं ढकलायचो, वळण आलं की ढोलानं. एकदा मी तापानं घरी पडलो, तर वरात गल्लीत वळली आणि हा सरळ गेला. एकटाच वाजवत भलत्याच लग्नाच्या मांडवात शिरला. त्यांना वाटलं, व्याह्यांनी बँड धाडला, पण माणसं लई कमी धाडली. त्यांनी त्याला टोपी-टॉवेल दिला, जेवू घातलं. दुसऱ्या दिवशी मला म्हणतो, "बुंदी आपल्या लग्नापेक्षा बरी होती बे."

गाणं थांबवायचं कामही माझंच. वरातीतलं गाणं आपलं आपण संपत नसतं, ते गोल फिरत राहतं. घोडं पुढं सरकलं, नाचणारे दमले, हे बघून मी दोन ठोके द्यायचो. दोनच. की अख्खा बँड गप्प.

पुढं माझा उजवा खांदा गेला. हात छातीच्या वर जाईना. ढोल माळ्यावर ठेवला. त्याच हंगामात अंबादासनंही बँड सोडला. का, ते मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. त्याची बायको विड्या वळायची, तिच्या नावावर कुंभारीला कामगारांच्या वसाहतीत घर मिळालेलं. ती गेल्यापासून तो तिथं एकटाच राहतो. पण रोज सकाळी नऊला सात रस्त्याला चहाला यायचा. तिथंच त्यानं मला सांगितलं.

"दत्तू, अल्बम काढतोय बे. अकॉर्डियन आन् पियानो."

"आन् ढोल?"

"ढोल न्हाई."

मी कप खाली ठेवला. खांदा गेला म्हणून काय झालं, विचारायची तरी रीत असते. चाळीस वर्षं या माणसाला मी गटारात पडू दिलं नाही.

"मग जा एकटाच," मी म्हणालो. "कुटं जायचं तितं जा."

"जातो की."

एवढंच बोलणं. दुसऱ्या दिवसापासून मी चहाला दहाला जाऊ लागलो. पाच महिने असे गेले. चूक त्याची होती, मी का जाऊ?

मधल्या बातम्या मला इरफानभाईकडून कळायच्या. हा मूळचा रिक्षावरच्या जाहिरातींचा माणूस. "साड्यांचा भव्य सेल" असं गल्लोगल्ली जे ओरडत फिरतं, ते त्याच्या खोलीत रेकॉर्ड होतं. अंबादास त्याच्याकडं गेला. पहिल्या दिवशी मशीन चालू केलं, तर हा वाजवत वाजवत दारातून बाहेर पडला आणि जिना उतरून रस्त्याला लागला. इरफानभाई मागून पळतोय, "चच्चा, किधर जा रै तुम?" मग त्यानं माइक अंबादासच्या कॉलरला अडकवला. त्यात चपलांचा आवाज यायला लागला. चपला काढल्या, तर गुडघे वाजायला लागले. "घुटनों का क्या करूँ चच्चा," इरफानभाई मला म्हणाला, "वो सुर में बी नै."

पियानो एका शाळेच्या जुन्या हॉलमध्ये मिळाला. तिथं वेगळाच घोळ. अकॉर्डियनच्या पट्ट्या छातीवर उभ्या असतात, पियानोच्या आडव्या. अंबादासनं बघितलं आणि म्हणाला, "ह्या तर आजारी माणसागत झोपल्यात." मग मान खांद्यावर टाकून तिरका होऊन वाजवायला लागला. दोन दिवसांत मान आखडली. शेवटी हेडमास्तरांकडून टेबलक्लॉथ मागून घेतला, पट्ट्यांवर आणि हातांवर पांघरला आणि डोळे मिटले. स्टुलावर बसून पाय मात्र खाली चालतच होते. मी हे ऐकून हसलो, आणि हसलो म्हणून माझाच मला राग आला.

मग एका दुपारी इरफानभाई माझ्या घरी आला. चेहरा पडलेला.

"चच्चा, एक बात पूछनी थी. उनका गाना खतमिच नै होता."

"म्हंजे?"

"आठो गाने. बजातेच रहते. गोल-गोल. मैं बोला, बंद करो, तो बोले, अबी नै हुआ. फिर बाएँ को देखते. मैं समझा घड़ी देख रै, तो घड़ी उधर टाँगा. फिर बी उधरीच देखते."

मी त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला.

"मैं बोला, कंप्यूटर का ढोल डाल देतूँ, आखिर में. तो अकॉर्डियन उठाके जाने लगे. दूसरा ढोलवाला बुलाया, उसको बी वापस भेजे. बोले, ढोल दत्तू का, नै तो नै. मैं बोला, तो दत्तूचच्चा को बुलाओ. बोले, नक्को, उसका खांदा दुखता."

इरफानभाईनं मोबाइलवर त्यातलं एक गाणं लावून माझ्या हातात दिलं. अकॉर्डियन सुरू झालं. इतकी वर्षं मी त्याच्या शेजारी चाललो, पण फटाके, जनरेटर आणि माझा स्वतःचा ढोल, यांत त्याचं वाजवणं मी कधी नीट ऐकलंच नव्हतं. हे आज कळलं. लई गोड वाजवत होता गडी. गाणं शेवटाला आलं, आणि तिथं जरा जागा सोडली त्यानं. दोन ठोक्यांएवढी. कुणी ठोका दिला नाही, म्हणून परत फिरला. परत शेवटाला आला, परत जागा सोडली.

तिसऱ्या खेपेला माझ्या डाव्या हातानं शेजारच्या लोखंडी पेटीवर दोन ठोके दिले. मी दिले असं नाही, हातानं दिले. मोबाइलमधला अंबादास कुठला थांबतोय? तो बापडा आपला वाजवतच राहिला.

"चच्चा, रो रै क्या?" इरफानभाईनं विचारलं.

"पेटीवरची धूळ उडाली," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेला हाताशी घेऊन माळ्यावरून ढोल उतरवला. ओल्या फडक्यानं पुसला, दोऱ्या ताणल्या. इरफानभाईला मशीन घेऊन कुंभारीला यायला सांगितलं. रिक्षात ढोल बसवला, उरलेल्या जागेत मी बसलो. ढोलाची काठी डाव्या हातात धरली. उजवा हात वर जात नाही, हे खरं, पण डाव्याला काय झालंय? आणि गाण्यागणिक मारायचे दोनच होते.