करंट गेल्यावर चालणारा शिपाई

सुमनबाईंचा शिपाई कैक वर्षं एका गुहेच्या तोंडाशी तलवार घेऊन उभा होता.

त्यांचा मुलगा सुगत गुलबर्ग्याला कॉलेजात होता तेव्हा आळंदच्या घरी एक जाडजूड कॉम्प्युटर आला होता. त्यातल्या गेममध्ये हा शिपाई गावोगाव हिंडायचा, भेटेल त्याच्याशी बोलायचा, मिळेल ते खायचा. शेवटी गुहेतला राक्षस मारायचा, म्हणजे राज्य सुटायचं. सुगत अभ्यासाला बसला की शिपायाला सुमनबाई चालवायच्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण कुठल्या विहिरीचं पाणी गोड आणि कुठल्या म्हातारीला भाकरी दिली की ती किल्ली देते, हे सगळं पाठ होतं. शिपाई गुहेशी पोचला आणि त्याच पावसाळ्यात वीज पडून कॉम्प्युटर जळाला.

आता सुगत पुण्यात नोकरीला होता. यंदा सुट्टीवर येताना त्यानं आईसाठी नवा लॅपटॉप आणला. जुन्या फ्लॉपीतून गेम काढून त्यात घातला. शिपाई सोडला होता तिथंच उभा होता! "राक्षस मारलीस की फोन कर," म्हणून सुगत पुण्याला गेला.

पण नव्या मशीनवर शिपायाच्या अंगात वारं शिरलं. सुमनबाईंनी नुसतं बोट टेकवलं की तो भिंतीवर जाऊन आपटायचा. दोन चकरांत त्याला भूक लागायची आणि त्या शिदोरी सोडेपर्यंत तो मरायचा.

"ह्यो असा कामून करायलाय?" त्या रडकुंडीला आल्या.

"पुण्याचा झालाय न्हवं आता," त्यांचे यजमान बाबूलाल पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "जेवायलाबी सवड न्हाई."

तिसऱ्या दिवशी नेहमीसारखा करंट गेला. घर अंधारलं, लॅपटॉप तेवढा चालू राहिला, आणि काय आश्चर्य! शिपाई पूर्वीसारखा एक-एक पाऊल टाकत चालायला लागला. सुमनबाईंनी श्वास रोखून त्याला गुहेत नेलं. आत आगीचा मोठा खड्डा होता आणि पलीकडच्या काठावर राक्षस येरझारा घालत होता. एवढ्यात करंट आला. शिपाई उधळला आणि उपाशी मेला.

सुमनबाईंना गुरुकिल्ली सापडली. करंट नसला की शिपाई शहाण्यासारखा वागतो.

दुसऱ्या दिवशी त्या दिवेलागणीपासून करंट जायची वाट बघत बसल्या. एरवी भाकरी तव्यावर असताना जाणारा करंट नेमका त्या दिवशी हलेना. शेवटी त्यांनी हळूच जाऊन मेन स्विच खाली ओढला आणि आतल्या खोलीत दार लोटून बसल्या.

"गेला का मेला!" टीव्हीपुढून बाबूलाल ओरडले.

"व्हय का?" आतून आवाज आला.

बाबूलालांनी बाहेर डोकावून पाहिलं. सगळ्या गल्लीत दिवे होते. फक्त आपल्याच घरी अंधार म्हणजे वायर तुटली असणार, असं ठरवून त्यांनी कोपऱ्यावर राहणाऱ्या लाइनमन हावगेप्पाला हाक मारली. हावगेप्पा जेवता-जेवता उठून आला. खांबावर चढायचं म्हणून त्यानं आधी सगळ्या गल्लीचाच करंट बंद केला.

ऐन मालिकेच्या वेळेला गल्ली अंधारात बुडाली. शेजारच्या पार्वतम्मा तणतणत आल्या. "अय्यो, तिकडं टीव्हीतली सून घर सोडून निघाली होती! गेली का ऱ्हायली, आता कोण सांगंल?"

बोलता-बोलता त्यांना आतल्या दाराच्या फटीतून उजेड दिसला. त्यांनी दार ढकललं.

"सुमनअक्का, ह्यो कोण हाय?"

"शिपाई. गप बसा, राक्षस हाय पुढं."

पार्वतम्मा बसल्या. त्यांना शोधत त्यांची सून आली, सुनेमागं आणखी दोघी-तिघी. कुणीतरी भाजलेल्या शेंगा आणल्या. अंधारात शेंगा फोडल्याचा आवाज आणि सल्ले, दोन्ही सुरू झाले.

"खाऊ घाल त्याला आधी! तोंड बघ कसं उतरलंय."

"राक्षसाला बायको न्हाई व्हय?"

"असती तर येवढ्या येरझारा घातला असता का?"

सुमनबाईंच्या कपाळावर घाम आला होता. शिपाई खड्ड्याला वळसा घालत राक्षसाच्या पाठीमागं पोचला होता. आता एकच वार.

इकडे हावगेप्पाला खांबावर काहीच दोष सापडला नाही. त्यानं गल्लीचा करंट सोडला, घरात येऊन बोर्डावर बॅटरी मारली. "आरं, मेनच पडलाय की!" म्हणत त्यानं तो वर ढकलला.

लख्ख उजेड पडला. राक्षसानं गर्रकन वळून शिपायावर झेप घेतली. पण त्याच्याही अंगात वारं शिरलं होतं. त्याला थांबता आलं नाही. तो थेट आगीत गेला. पडद्यावर नगारे वाजले, राज्य सुटलं.

कुणीच टाळी वाजवली नाही.

"कुणी लावला करंट?" सुमनबाईंचा आवाज चढला. "येवढी वर्सं मी थांबले, आन् राक्षस मारला हावगेप्पानं?"

"मी कुठं मारलो अक्का? मी तर मेन..." हावगेप्पा दारात गांगरून उभा होता.

"परत घालव!" पार्वतम्मा गरजल्या. गल्लीतले दिवे लागले होते, मालिकाही सुरू झाली असणार, पण एकही बाई उठली नाही. करंट आणला म्हणून शिव्या खायची हावगेप्पाची ही पहिलीच वेळ. त्यानं मुकाट्यानं मेन खाली ओढला आणि स्वतःही उंबऱ्यावर टेकला.

सुमनबाईंनी गेम परत उघडून शिपायाला पुन्हा गुहेच्या तोंडाशी आणलं. सावकाश खाऊ घातलं, सावकाश वळसा घातला आणि आपल्या बोटानं राक्षस मारला. टाळ्या कोपऱ्यावरच्या पानपट्टीपर्यंत ऐकू गेल्या.

त्यांनी लगेच सुगतला फोन लावला. सगळं ऐकून तो पलीकडे हसत सुटला. "आई, बॅटरीवर असलं की लॅपटॉप हळू चालतोय. नुसती चार्जरची पिन काढायची होती. मेन कामून पाडलीस?"

सुमनबाईंनी पिनेकडे पाहिलं. मग अंधारात दाटीवाटीनं बसलेल्या बायकांकडे पाहिलं. शेजारी बाबूलाल शेंगा सोलून त्यांच्या हातावर ठेवत होते.

"काय म्हणायलाय पोरगा?" त्यांनी विचारलं.

"म्हणायलाय, बरोबर केलीस. ह्या गेमाला असंच करावं लागतंय," सुमनबाई म्हणाल्या. "आन् ह्याच्यात दुसरा राक्षसबी हाय म्हणं."

उंबऱ्यावरून हावगेप्पानं घसा खाकरला.

"अक्का, मग उद्या किती वाजता घालवू?"