कै. धर्मा परब स्मृती संगीत खुर्ची

नियम १. कोणीही औट होणार नाही.

हा नियम अजितने सव्वीस जानेवारीच्या पूजेआधी आठवडाभर, लिफ्टशेजारच्या फळ्यावर स्वतःच्या हाताने लिहिला आणि खाली सही ठोकली : खेळप्रमुख. परळच्या त्या चाळीचा अठरा मजली टॉवर झाला होता खरा, पण सत्यनारायण, पूजेनंतरची मुलांची संगीत खुर्ची आणि कुशाबांच्या हातातला माईक, या तीन गोष्टी चाळीतून जशाच्या तशा वर आल्या होत्या. त्यातली मधली यंदा बदलून दाखवतो, असं अजितने मीटिंगमध्ये छातीठोकपणे सांगितलं. बाकीच्या दोन बदलण्याची त्याची छाती नव्हती.

कारण घरातलंच होतं. मागच्या वर्षी त्याची मुलगी अपेक्षा, तेव्हा सहा वर्षांची, पहिल्याच फेरीत बाद झाली. आठव्या मजल्यावरच्या निमेशने कमरेचा असा काही धक्का दिला की खुर्ची एकीकडे आणि अपेक्षा दुसरीकडे. त्यात कुशाबांनी माईकवरून ‘अपेक्षा औट’ तीनदा जाहीर केलं. एकदा मुलांसाठी, एकदा पालकांसाठी आणि एकदा माईक चालू आहे ना ते पाहायला.

तेव्हापासून ती खेळायला खाली उतरली नाही. घरात लुडो मांडला तरी सोंगटी मरायच्या आधीच पट मिटून ठेवायची. काहीही खेळायला बोलवा, तिचं उत्तर ठरलेलं : ‘तुम्ही खेळा. मी बघते.’ सात वर्षांच्या पोरीच्या तोंडी हे वाक्य पेन्शनीत निघालेल्या माणसासारखं वाटायचं. अजितला ते ऐकवत नसे.

नियम २. खुर्च्या कमी होतील, मुलं नाही. उरलेल्या खुर्च्यांवर सगळ्यांनी मावायचं. मांडीवर घ्या, अर्ध्यावर बसा, काहीही करा.

हा नियम वाचून कुशाबांना खरंच वाईट वाटलं. कोणी औट नाही तर माईकवर बोलायचं काय, असं त्यांनी विचारलं. शिवाय सगळेच जिंकणार असतील तर टाळ्या नेमक्या कधी वाजवायच्या? अजितने त्यांना सहकार्य, मुलांचं मन, परदेशातल्या शाळा असं बरंच काही समजावलं. कुशाबा म्हणाले, बरं, पण राधाबाईंना तू सांग.

राधाबाई म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या. दरवर्षी संगीत खुर्चीचं पहिलं बक्षीस त्यांच्याकडून : स्टीलचा मोठा डबा, त्यावर नाव घातलेलं, ‘कै. धर्मा परब यांच्या स्मरणार्थ’. धर्मा परब हे त्यांचे यजमान. भांडं रिकामं देऊ नये म्हणून आत तिळाचे लाडू. डबा एकच, आणि तोही आणून झालेला. तेरा मुलांना एक डबा कसा वाटायचा हे अजितच्या सहकार्यात कुठेही बसत नव्हतं. डबा नको असं सांगायला तो वर गेला, राधाबाईंनी तो पदराने पुसून त्याच्यापुढे धरला, आणि अजित एक लाडू खाऊन खाली आला.

नियम ३. डबा सर्वात जास्त मदत करणाऱ्या मुलाला.

फळ्यावर जागा उरली नव्हती, म्हणून हा बारीक अक्षरात लिहिला. बायकोने, लतिकाने, तो वाचला आणि एवढंच म्हणाली की बघ बाबा. ती शाळेत शिकवते. तिने एवढ्यावरच थांबायला नको होतं.

पूजेच्या संध्याकाळी अपेक्षा खाली आली. ‘खरंच कोणी औट नाही?’ असं तिने दोनदा विचारून घेतलं आणि रांगेत उभी राहिली. अजितने लतिकाकडे असं पाहिलं की जणू वर्ल्ड कप त्यानेच आणला.

पहिल्या दोन फेऱ्या देखण्या झाल्या. मग निमेशच्या आईने त्याच्या कानात काही सांगितलं, समोरून आणखी एका आईने आपल्या मुलाला खूण केली, आणि मदतीला तोंड फुटलं. ज्याला त्याला मदत करायची होती, करून घ्यायला कोणी तयार नव्हतं. संगीत थांबलं की मुलं खुर्ची सोडून एकमेकांना धरायला धावत. एक मुलगा छान बसला होता, त्याला दोघांनी उठवून पुन्हा बसवलं. तेजस्वी नावाच्या चिमुरडीला चौघांनी उचललं आणि कोणाच्या मांडीवर ठेवायचं यावर त्यांचं एकमत होईना. कुशाबांना सूर सापडला. ‘निमेश, चार मदती!’ ते माईकवर म्हणाले, आणि मग मोजणी सुरू झाली.

सर्वात लहानखुरी, सर्वात गप्प, म्हणजे मदतीला सर्वात सोयीची कोण? अपेक्षा. पाच खुर्च्या उरल्या तेव्हा गाणं थांबायची वाटही कोणी पाहिली नाही; तिचा उजवा हात निमेशकडे होता, डावा आणखी कोणाकडे, आणि दोघेही तिला आपापल्या मांडीवर ओढत होते. नळावरच्या शेवटच्या बादलीसारखी तिची अवस्था. अजित पुढे धावला. त्याला स्वतःच्याच अक्षरातला तिसरा नियम डोळ्यांपुढे दिसत होता. आता ही पट मिटणार, त्याला वाटलं, आणि या वेळी कायमचा.

अपेक्षाने दोन्ही हात सोडवून घेतले.

‘मला खुर्ची नको,’ ती म्हणाली, आणि खुर्च्यांच्या मधोमध खाली फरशीवर बसली.

(इथे नियम संपले.)

निमेश क्षणभर गोंधळला. मग डब्याकडे एक नजर टाकून, सोबत म्हणून तिच्या शेजारी बसला. पाचवी मदत. तो बसला म्हणून बाकीचे बसले, कोणालाच मागे राहायचं नव्हतं. तेजस्वी तेवढी उभी राहिली, तिला कुठे शिरावं कळेना. अपेक्षाने निमेशच्या गुडघ्यावर चापट मारली.

‘पाय आत घे. सरका सगळे. ती राहिली ना.’

सगळे सरकले. खुर्चीवर नसते ती एक गोष्ट फरशीवर असते : सरकायला जागा. गोल मोठा झाला. तेजस्वी बसली. मदत मोजायला कोणी वर पाहिलंच नाही.

राधाबाई गुडघे सांभाळत आल्या आणि डबा गोलाच्या मध्ये ठेवून झाकण काढलं.

‘आमचो माणूस चोवीस वर्सां मिलात कापडाच्या साच्याफुडे उभो रवलो,’ त्या म्हणाल्या. ‘खुर्चेचा नाव घेतल्यान नाय कधी. घराक इलो की असोच जमनीर बसायचो, पोरांच्या मधी.’

तेरा हात डब्यात गेले. अपेक्षाने आधी तेजस्वीला लाडू दिला, मग स्वतः घेतला. अजितचे डोळे भरून आले, आणि जवळ होती त्या पहिल्या खुर्चीवर त्याने अंग टाकलं.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. या सगळ्यात गाणं चालूच होतं. कुशाबा मोबाईलवर बोट धरून इमानेइतबारे मान खाली घालून उभे होते. अजित टेकला त्याच क्षणी त्यांनी ते बंद केलं, वर पाहिलं, आणि चाळीस वर्षांच्या अनुभवाने निकाल दिला.

‘खुर्चीवर बसलेला एकमेव स्पर्धक, अजित. प्रथम क्रमांक.’

टाळ्या कधी वाजवायच्या ते लोकांना आता कळलं. राधाबाईंनी रिकामा डबा त्याच्या हातात दिला आणि पुढच्या वर्षी भरून आण, असं बजावलं.

लिफ्टमध्ये अपेक्षाने डब्यावरून बोट फिरवलं.

‘बाबा, तू पण खेळत होतास?’ तिने विचारलं. ‘मला वाटलं, तू बघतोयस.’