पुलावरची नोंद

आमचे शेजारी नाना माणसाला नावाने ओळखत नाहीत, गाडीच्या नंबरने ओळखतात. धुळ्याच्या देवपुरात मी सात वर्षं त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहतो, कॉलेजात शिकवतो, गल्लीत चार लोक मला सर म्हणतात. नानांसाठी मी ‘एक्केचाळीस बावन्न’. एका लग्नात त्यांनी माझ्या बायकोची ओळख करून दिली, "ह्या एक्केचाळीस बावन्नच्या मिसेस." बायको आठ दिवस माझ्याशी धड बोलली नाही, जसा काही स्कूटरचा नंबर मीच निवडून घेतला होता.

नाना एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. कोणती गाडी किती वाजता आली आणि किती वाजता सुटली, तीस वर्षं हेच लिहिलं. मग रिटायर झाले, वर्षभरात काकू गेल्या आणि घरात लिहिण्यासारखं काही उरलं नाही. तेव्हा त्यांनी एक घडीची खुर्ची घेतली, लांब रजिस्टर घेतलं आणि रोज चार ते सहा पांझरा नदीच्या पुलाच्या तोंडाशी बसायला लागले. गाडीतून कचरा फेकणारा प्रत्येक जण त्या रजिस्टरात जायचा. वेळ, नंबर, काय फेकले, कोणत्या खिडकीतून. सोबत मोबाइलवर फोटो, आणि तो लगेच महापालिकेच्या तक्रारीच्या नंबरवर. फेकणाऱ्यांना घरी नोटिसा येत.

ते कोणावर ओरडत नसत. उलट उत्तेजनच देत. "फेका भाऊ, फेका. मी शे ना लिखाले!"

बोलणं असं अहिराणी, पण नोंद मात्र कडक कचेरीतल्या मराठीत. ‘उसाचा चोथा. डावी मागील खिडकी.’ एकाने गाडी हळू केली, नदीला हात जोडले आणि निर्माल्याची पिशवी गाठीसकट खाली सोडली. नानांनीही त्याला हात जोडले आणि लिहिलं, ‘निर्माल्य, प्लास्टिकसह. इसम भाविक.’

मीही सुटलो नाही. स्कूटरवरून केळीचं साल टाकलं होतं. म्हटलं, "नाना, साल आहे हो, गाय खाईल." ते शांतपणे म्हणाले, "पुलवर गाय कोठे शे? तिना नंबर सांगा."

इथपर्यंत सगळी गल्ली हसायची. मीही हसायचो. मग बापूची गाडी आली.

बापू म्हणजे नानांचा एकुलता एक मुलगा, नोकरीला जळगावला. तीन वर्षांपूर्वी त्याने पहिली गाडी घेतली आणि नानांना चकित करायचं म्हणून कळवलं नाही. आधी एरंडोलजवळ पद्मालयाच्या गणपतीसमोर पूजा केली, मग बायको आणि चार महिन्यांची पोर घेऊन थेट धुळ्याला निघाला. पुलावर येईतो गाडीवरचे हार सुकले होते. पूजेचं उकिरड्यात टाकायचं नाही, पाण्यात सोडायचं, ही आपली रीत. त्याने हार पिशवीत भरले आणि जाता जाता नदीत भिरकावले. खुर्चीवर नाना होते. गाडी अनोळखी, नंबर नवा. फोटो गेला.

सहाला नाना घरी आले तर दारात तीच गाडी, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. बापूने हौसेने विचारलं, "नाना, कशी आहे गाडी?"

नानांनी नंबर पाहिला, काखेतलं रजिस्टर उघडून पुन्हा पाहिला. म्हणाले, "चांगली शे. पण तुना नंबर लिखाई गया, बापू."

बापू आधी हसला. नोटीस घरी आल्यावर हसला नाही. फोन करून म्हणाला, "एकदा नुसतं सांगा महापालिकेला, की चुकून झालं." नाना म्हणाले, "तीस वर्षांत मी एक नोंद खोडेल नही." त्यावर बापूने फोन ठेवला, तो ठेवलाच.

त्याची सासुरवाडी देवपुरातच आहे. दोन-तीन रविवारांआड तो याच पुलावरून येतो, सासऱ्यांकडे जेवतो आणि जळगावला परततो. नाना पुलावर बसलेले त्याला दिसत असणारच. मी नानांना दहादा सांगितलं, फोन करा, पोर मोठी होतेय. ते म्हणायचे, "काय बोलू? नोंद खरी व्हती." मला त्यांचा भयंकर राग यायचा. बापूचाही यायचा.

गेल्या महिन्यात नानांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसरा आधीच अधू. डॉक्टरांनी घरी बसायला सांगितलं होतं. तरी रविवारी चारला ते खुर्ची घेऊन माझ्या दारात उभे. "चला, एक्केचाळीस बावन्न. मी बसस, तुम्ही दखा."

दुपारच्या झोपेवर पाणी सोडून मी पुलावर उभा राहिलो. "नुसता फेकणारा नही," नाना म्हणाले, "बठ्ठा नंबर वाचा." सगळ्याच गाड्यांचे नंबर, हे नवीन होतं. वाचता वाचता मी रजिस्टरची मागची पानं उलटली. दर दोन-तीन रविवारांनी एक नंबर पुन्हा पुन्हा येत होता. बापूचा. पुढे प्रत्येक वेळी तेच, ‘काही फेकले नाही. काच बंद.’ तीन वर्षं काच बंद. मग मला कळलं, आज मला कशाला आणलं होतं ते.

पाच वाजून गेल्यावर ती गाडी आली. मागची काच उघडी होती. एक छोटा हात बाहेर आला आणि वेफर्सचं रिकामं पाकीट उडालं. मी नंबर मोठ्याने वाचलाच नाही.

"कोणी गेलं का?" नानांनी विचारलं.

मी नंबर सांगितला. नाना नेहमीच्या आवाजात म्हणाले, "काय फेकलं?"

"वेफर्सचं पाकीट. मागच्या खिडकीतून. लहान हात होता."

"केवढा?"

मी माझ्या पंजावर बोट ठेवून दाखवलं, मग आठवलं की त्यांना दिसत नाहीये. म्हटलं, "माझ्या अर्ध्या पंजाएवढा."

"बांगड्या व्हत्यात का?"

"होत्या. लाल."

नाना पट्टीवरून हात फिरवायला लागले. डॉक्टरांनी नको म्हटलं होतं, म्हणून मी त्यांचा हात धरला. मग जाऊन ते पाकीट उचलून आणलं. त्यांनी ते चाचपलं, चारदा दुमडलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं.

"लिहू का?" मी विचारलं.

"लिखा. मी नोंद चुकवत नही."

मी वेळ लिहिली, नंबर लिहिला. ‘काय फेकले’ या रकान्याशी पेन थांबलं. नाना घसा खाकरून कचेरीतल्या मराठीत सांगू लागले, "लिहा. काच उघडी होती. हात दिसला."