चमचा उभा राहीना

कस्टर्डात रोवलेला चमचा आधी डगमगला, मग कलला आणि शेवटी बुडाला. दामिनी भगुण्याकडे बघतच राहिली. सकाळी याच भगुण्यात तिने कोरा चमचा रोवून पाहिला होता, तेव्हा तो हवालदारासारखा ताठ उभा होता.

आज आप्पांची, तिच्या वडिलांची, पहिली पुण्यतिथी. आप्पांनी जन्मभर आईकडे एकच तक्रार केली होती, "शिवकांता, पुन्हा पातळच! चमचा कधी उभा राहायचा?" तो एकदा तरी उभा करून फोटोपुढे ठेवायचा, एवढंच दामिनीने ठरवलं होतं. उदगीरहून आलेल्या नीलम्मा आत्यांनी सकाळीच दम भरला होता, "नैवेद्याआधी कुणी तोंड लावलं तर बघा!"

"दूधच पाण्याचं असंल," आई म्हणाली.

"दूध नाही गं. यात कुणीतरी उष्टा चमचा घातलाय."

आत्यांनी पदर कमरेला खोचला. "कोण हाय त्यो?"

दामिनी लातुरात क्लासच्या पोरांना जीवशास्त्र शिकवायची. एकदा सुरू झाली की घंटा वाजेपर्यंत थांबायची नाही. "आपल्या लाळेत विकर असतं, म्हणजे एन्झाइम. कस्टर्ड घट्ट राहतं ते पिठाच्या लांबलचक साखळ्यांमुळे. विकर त्या कापतं. बरं, कापून ते स्वतः संपत नाही. तसंच्या तसं पुढच्या साखळीकडे जातं. म्हणून एक चाटलेला चमचा अख्खं भगुणं पातळ करतो."

"आमच्या हापिसातल्या साहेबरावासारखं," तिचा धाकटा भाऊ श्रीशैल म्हणाला. "दोघांत भांडण लावतो आन् स्वतःला ओरखडाही न पडता तिसऱ्याच्या टेबलाकडं जातो."

"अगदी तसंच."

"थुंकीनं पातळ होतंय म्हणं! कायबी सांगायलीय पोरगी," आत्या म्हणाल्या. "दाखव बरं!"

दाखव म्हटलं की दामिनीला पुढचं काही दिसत नसे. तिने उरलेलं सगळं दूध तापवलं, उरलेली सगळी पावडर ओतली, भगुणं पाण्याच्या परातीत ठेवून गार केलं. चमचा रोवला. उभा! मग तिने ते चार वाट्यांत वाढलं आणि एकेक चमचा प्रत्येकाच्या हातात दिला.

"चाटा. आता ढवळा."

आईने लाजत चाटला. आत्यांनी डोळे मिटून चाटला, आणि खात्रीसाठी पुन्हा एकदा. थोड्या वेळाने चारही वाट्यांतले चमचे आडवे झाले.

"पटलं बाई," आत्या म्हणाल्या. "मग चोर कोण?"

दामिनीने चारही वाट्यांवरून नजर फिरवली. लाळ सगळ्यांनाच असते, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं.

"ताई," श्रीशैल हळूच म्हणाला, "हे दुसरं कस्टर्ड मस्त घट्ट झालं होतं की. तेच फोटोपुढं ठेवायचं ना!"

दामिनी मटकन खाली बसली. दूध संपलं, पावडर संपली, दारात पाहुण्यांच्या चपला वाजू लागल्या. वर्षभर मनात जपलेली एवढीशी गोष्ट, ती तिने स्वतःच चौघांकडून चाटवून घेतली होती.

आणि आईला हसू फुटलं. वर्षभरात पहिल्यांदाच.

"अगं, माझं कस्टर्डबी सकाळी घट्टच असायचं! मग हे आत यायचे. 'गार झालं का बघतो' म्हणायचे. चमच्यानं लई वेळा बघायचे. आन् जेवताना बोल मातर मला!"

आत्यांनी फोटोकडे डोळे वटारले. "सिद्ध्या! जन्मभर माझ्या भावजयीला नावं ठेवलीस व्हय रे?"

"पण आक्का," आईने डोळे पुसत विचारलं, "ह्ये तर आता न्हाईत. मग आज कुणी?"

आत्यांनी कमरेचा पदर सोडून नीट खांद्यावर घेतला.

"गार झालं का बघितलं मी," त्या म्हणाल्या. "त्यात काय झालं?"

दामिनी उठली. सकाळचं भगुणं तिने तसंच फोटोपुढे नेऊन ठेवलं. चमचा तळाशीच होता. आप्पांना कस्टर्ड नेहमी मिळायचं, तसंच आजही मिळालं.