लातुरास नवा सर्व्हर वसविल्याची हकीकत

मुलूख मराठवाडा, भूकंप होऊन पंधरावे वर्ष चालू, आणि लातूर शहरी ऐसा काळ आला की घरमालकांनी म्हशी विकून गोठ्यात फिजिक्सच्या बॅचा बसविल्या. त्या काळी पहिला डेडिकेटेड सर्व्हर कैसा घेतला, त्यावर वेबसाइटींची ठाणी कैसी वसविली आणि त्यात थोरामोठ्यांची काय फजिती जाहली, ते जैसे घडले तैसे लिहिले असे. मीठमसाला लावला असेल तर चवीपुरताच.

राजमान्य राजश्री शरदचंद्र सर, क्लासाधिपती, लातूर, नांदेड, निलंगा व लोहा ऐशा चार ठाण्यांचे धनी. यांची वेबसाइट भाड्याच्या सामाईक जागेत नांदत होती, म्हणजे एका नळावर अवघ्या गल्लीच्या घागरी. दरसाल नव्या बॅचच्या प्रवेशपरीक्षेचा निकाल लागे, आणि पोरांची व पोरांहून अधिक त्यांच्या बापांची फौज एकदम तुटून पडे, मग वेबसाइट भुईसपाट होई. मागील साली निकाल अखेर गेटावर चिकटविला आणि त्या रणधुमाळीत खुद्द सरांची एक चप्पल कामास आली. चपलेचे दुःख नव्हते. ही बातमी नांदेडपावेतो पोहोचली, हे शल्य मोठे होते.

तेव्हां सरांनी अश्वजित यास पाचारण केले. हा निलंग्याकडील, सरजाबाईंचा एकुलता लेक, कॉम्प्युटरची विद्या शिकून लातुरात पत्र्याच्या गाळ्यात दुकान मांडून बसलेला. त्याने छातीठोक मसलत दिली की आपला स्वतंत्र सर्व्हर घ्यावा. आपण स्वतः आजवर ऐसा सर्व्हर हाताळिला नाही, ही गोष्ट मात्र दरबारी उघड केली नाही. मग फर्मान सुटले की निकालाचे दिवशी वेबसाइट उभी राहिली तर चारी ठाण्यांचे काम कायम तुझे, आणि पडली तर पुण्याच्या कंपनीस देऊ.

अश्वजितासही पुण्याहून नोकरीचे बोलावणे आलेच होते. काम गेले तर गाळ्यास कुलूप लावून जाणे भाग. सरजाबाईंनी तिकडे निलंग्यास लेकाचे कपडे पिशवीत भरून ठेविले, तोंडाने "जा की, पुणं काय वाईट हाय?" म्हणत आणि पदराने डोळे पुशीत. भूकंपाच्या पहाटे त्या माउलीने मातीत हात घालून या लेकरास चाचपून बाहेर काढिले होते. तेव्हांपासून लेक एका एसटीच्या अंतरावर असावा, येवढेच तिचे मागणे.

येणेप्रमाणे अश्वजित मोहिमेवर निघाला. सर्व्हर सातासमुद्रापार, सरदार लातुरात पत्र्याखाली घाम पुशीत, ऐसा तो संग्राम. प्रथम नेमसर्व्हर म्हणून दोन चोपदार दाराशी नेमिले, की कोणी वेबसाइटीचे नाव पुकारिले तर यांनी घराचा पत्ता सांगावा. मग चार ठाण्यांची चार खाती उघडून ज्याचे त्यास पासवर्ड ठेवावयास सांगितले. तो चौघा ठाणेदारांनीही स्वामिनिष्ठेने सरांचेच नाव पासवर्ड म्हणून ठेविले, आणि अश्वजिताने कपाळावर हात मारून ते चारी बदलविले.

आता जुना पत्ता मोडून नवा लावणे येवढेच उरले. निकाल दुसरे दिवशी दुपारी. सरांनी मुहूर्त काढविला आणि आज्ञा जाहली की मुहूर्ताआधीच चारी ठाण्यांनी व झाडून साऱ्या कॅफेवाल्यांनी वेबसाइट उघडून बसावे, आणि पुनःपुन्हा उघडीत राहावे, जेणेकरून नव्या घराचे पहिले दर्शन आपणांस व्हावे. लातूर बसले, निलंगा बसला, लोहा बसला. सरांनी नारळ फोडिला, अश्वजिताने पत्ता बदलिला, आणि सर्वांनी डोळे ताणून पाहिले, तो मागील सालचेच पान, मागील सालचेच गुणवंत दात काढून हसताहेत!

इतक्यात नांदेडहून तेथील ठाणेदारीण देविका मॅडम यांचा फोन आला. त्या भीतभीत म्हणाल्या, "सर, माफ करा, सकाळपासून लाइटच नव्हती, त्यामुळं उघडून बसता आलं नाही. आत्ता आली. नवीन साइट लई छान दिसायली!"

सरांचा चेहरा लाल जाहला. ज्यांनी हुकूम मानला त्यांस जुनाट दर्शन, आणि जेथे हुकूम मोडला तेथे नवे! त्यातही नांदेडास आधी! "अश्वजित, काय करायलास हे? लातूरचा क्लास, अन् नांदेडात उघडला?"

अश्वजिताने एकेक पायरी पुन्हा तपासून पाहिली. मग त्यास उलगडले की सरांच्या आज्ञेनेच घात केला. सगळ्यांनी आधीच नाव पुकारिल्याने गावोगावच्या इंटरनेटवाल्यांनी जुना पत्ता दिवसभराकरिता पाठ करून ठेविला. नांदेडात कोणी विचारिलेच नाही, म्हणून त्यांस ताजा मिळाला. ही पाठांतराची मुदत आदले दिवशी कमी करून ठेवणे त्याच्याच हाती होते, आणि हर्षाच्या भरात तो ते विसरला होता. पण हे सरांस सांगावे कैसे?

तो म्हणाला, "सर, भूकंपानंतर निलंग्याजवळचं आमचं गाव उठून माळावर नवं बसलं. पर पाव्हणे लई दिवस जुन्याच फाट्यावर उतरायचे. गाव तर जाग्यावर होतं, पाव्हण्यांच्या डोक्यात पत्ता जुना होता."

सर खुर्चीत टेकले. त्या साली तेही कांबळी-भांड्यांचा टेम्पो घेऊन ऐशाच एका जुन्या गावी गेले होते, आणि पडक्या भिंतींत उभे राहून हाका मारीत होते, ओ देण्यास कोणी नव्हते. त्यांनी पुसिले, "मग पाव्हणे नव्या गावात कधी यायला लागले?"

"कंडक्टर नवा फाटा पुकारायला लागल्यावर."

"आपला कंडक्टर कधी पुकारतो?"

"उद्या सकाळपातूर, सर."

"अन् तोवर?"

"तोवर गप बसायचं."

गप बसणे ही विद्या लातुरातील एकाही क्लासात शिकवीत नसत, यास्तव तो दिवस अवघ्या मोहिमेत कठीण गेला. सर येरझाऱ्या घालीत आणि दर फेरीस कॉम्प्युटराकडे चोरून पाहत, आणि अश्वजित गाळ्यात बसून, सोबत काय न्यावे व काय विकावे, याचा मनाशी हिशेब करी. खुर्ची न्यावी की न न्यावी, येथे त्याचे मन अडकले आणि पुढे जाईना.

दुसरे दिवशी सकाळी प्रथम लोह्याहून वर्दी आली, मग निलंगा, मग खुद्द लातूर. जुने गुणवंत मावळले, नवे पान उगवले. दुपारी निकाल लागला, आणि पोरे व बाप टोळधाडीसारखे येऊन आदळले, सर्व्हर क्षणभर दचकला, आणि उभाच राहिला. गेटावर चिटपाखरू नव्हते. सरांच्या दोन्ही चपला पायांत होत्या.

चारी ठाण्यांचे काम अश्वजिताच्या नावे कायम जाहले. त्याने आपली विसरीची चूकही मग कबूल केली. सरांस ती काडीमात्र समजली नाही, सबब माफ जाहली.

सांजेस निलंग्याहून फोन आला. "कॅफेवाल्यानं दावलं बाबा. उघडली की रं तुझी साइट! आता..." सरजाबाईंनी पुसिले. "आता ती पिशवी सोडू का?"

अश्वजित खुर्चीत मागे रेलला. मग म्हणाला, "सोड, माय. कपडे दांडीवर टाक. रविवारच्या एसटीनं येतो."

येणेप्रमाणे नवा सर्व्हर लातुरास वसला, फत्ते जाहली, आणि निलंग्यास पिशवी रिकामी जाहली.