बेडकाशी जमलेलं नातं

माणसाला ओळखायचं असेल तर आधी बेडूक ओळखावा, असं जनुकरावांचं ठाम मत होतं. जनुकराव हे नाव प्रयोगशाळेने ठेवलेलं. गेली कित्येक वर्षं ते परिषदांमध्ये पहिल्या रांगेत बसून दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवत आले होते. या खेपेला मात्र मंचावर चढायचंच, असा त्यांनी चंग बांधला होता!

काम तसं सरळ होतं. कडू चव ओळखणारं जनुक माशात असतं, उंदरात असतं, माणसात असतं. जनुक म्हणजे रासायनिक अक्षरांची एक लांब ओळ; प्रत्येकात त्यातली काही अक्षरं वेगळी. एवढ्या उलथापालथीत जी अक्षरं जागची हलत नाहीत, त्यांच्यावरच जनुकाचं खरं काम चालतं. आता बेडकाचं जनुक शेजारी मांडलं, की झालं.

मांडलं. आणि जनुकराव खुर्चीतून पडता पडता वाचले. बेडकाचं जनुक माणसाशी जवळजवळ अक्षरन् अक्षर जुळत होतं!

त्यांनी आधी बायकोला फोन लावला. तिने भावाला. लगेच मेहुण्याचा फोन, "दाजी, म्हणजे आपण सगळे डबक्यातले?" विभागप्रमुख बाई रजेवर होत्या, म्हणून जनुकरावांनी परिषदेला परस्परच कळवून टाकलं. भाषणाला अर्धा तास मिळाला. पत्रिकेत नावही छापून आलं!

मग बाई परतल्या. पडद्याकडे बघत म्हणाल्या, "इथे एक अक्षर बदललंय. असं ज्या माणसात असतं, त्याला कडू लागत नाही."

"मलाही नाही लागत!" जनुकरावांचा चेहरा उजळला. "खोकल्याचं औषध मी मिटक्या मारत पितो!"

"नमुना भरताना मास्क लावला होता?"

"छे! बेडकाशी बोलत होतो ना. बिचारा बावरतो हो."

"किती वेळ?"

"आता विषयातून विषय निघत गेला..."

बाईंनी चष्मा काढला. "अहो, हे जनुक बेडकाचं नाही. तुमचं आहे. थुंकी उडाली नळीत."

घरी बायको एवढंच म्हणाली, "माझ्याशी दोन वाक्यं बोलायची तर जिवावर येतं, आणि बेडकाशी गप्पा!"

पण छापलेला अर्धा तास रिकामा कसा ठेवणार? बाईंनीच तोडगा काढला. विषय बदलला: 'नमुना भरताना घ्यायची काळजी'. जनुकराव खूश! कडक इस्त्रीचा शर्ट घालून ते मंचावर चढले आणि अर्धा तास अगदी जीव ओतून बोलले. टाळ्याही पडल्या.

काळजी म्हणून त्यांनी सगळं भाषण मास्क लावून केलं. दुसऱ्या रांगेच्या मागे कोणाला एक शब्द ऐकू आला नाही.