मी नातीला बोलायला शिकवलं

माझी नात फेतुआओ तोंडातल्या तोंडात बोलते. ही माझी तक्रार आजची नाही, तिला दात आले तेव्हापासूनची आहे. जेवायला काय वाढू विचारलं, तर उत्तर ऐकायला माणसाने तिच्या ओठांना कान लावावा! आणि हे कुणाच्या घरात? माझा नवरा गावाचा वक्ता होता. काठी टेकून मैदानात उभा राहिला, की प्रवाळापलीकडे मासे धरणारे लोक वल्ही थांबवून ऐकत. त्याच्या नातीचा आवाज मात्र असा, जणू तारोच्या कंदांच्या ढिगाखाली उंदराचं पिल्लू अडकलंय.

घरात चालून गेलं असतं. पण शाळेत एक नवीनच निघालंय. स्वतः काहीतरी शोधायचं, मग सगळ्यांपुढे उभं राहून पाच मिनिटं ते समजावून सांगायचं. प्रेझेंटेशन म्हणतात त्याला. फेतुआओ दोनदा उभी राहिली आणि दोनदा नापास झाली. पहिल्यांदा ती फळ्याशी बोलली, दुसऱ्यांदा स्वतःच्या पायाच्या अंगठ्याशी.

मग तिच्या शिक्षिका लोसाबाई घरी आल्या. चटईवर बसल्या, कोको प्यायल्या, आणि कप खाली ठेवून म्हणाल्या, "आजी, लिहिण्यात ती वर्गात सगळ्यांच्या पुढे आहे. पण तिसऱ्यांदाही अशीच गप्प राहिली, तर तिला वरच्या वर्गात पाठवता येणार नाही. वर्ष जाईल तिचं."

"किती दिवस आहेत?"

"दोन आठवडे. या वेळी गावाच्या सभाघरात आहे. सगळी घरं ऐकायला येणार. शेवटी लोकांमधून एक प्रश्न येईल, त्याचं उत्तरही द्यावं लागेल."

"दोन आठवड्यांत मी तुमच्या फळ्यालाही बोलायला शिकवीन!" मी म्हणाले.

मी शाळेत दोन वर्षं गेले, तीही बहिणीला सोबत म्हणून. पण चाळीस वर्षं मी नवऱ्याच्या मागे बसून भाषणं ऐकली आहेत. कुठे त्याचा श्वास तुटला, कुठे शब्द घसरला, हे घरी आल्यावर त्याला मीच सांगायचे. गावाला वाटायचं, वक्ता तो आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे फेतुआओला खडकावर उभी केली. मधे लाटा, आणि अलीकडे वाळूत मी नारळ सोलत बसले.

"पोटातून बोल!"

"आजी, पोटात काही नाहीये."

"मग तेच ओरडून सांग!"

पाचव्या दिवशी तिचा आवाज लाटांवरून माझ्यापर्यंत आला. आठव्या दिवशी होड्यांची डागडुजी करणारे लोक मान वळवून बघू लागले. मग मी नजरेकडे वळले.

"सगळ्यांकडे बघितलं की माझे पाय थरथरतात," ती म्हणाली.

"मग सगळ्यांकडे बघू नकोस. एकच तोंड धर. मी पुढच्या रांगेत बसेन, माझ्याकडे बघ. आभाळ कोसळलं तरी माझ्यावरून नजर हलवायची नाही."

"तुझ्याकडेच?"

"का? माझ्या तोंडाला काय झालंय?"

आणि सगळ्यात मोठा धडा, मानाचा. सबंध सामोआत, ज्याला बोलता येतं असं म्हणतात, तो कुणाच्या घराचं नाव नुसतं घेत नाही. पदवी, पूर्वज, पराक्रम, सगळं म्हणायचं. मग थांबायचं. लोकांना मान झुकवायला वेळ द्यायचा. आमच्या लेआवासांच्या घराचं मानाचं वाक्य तर मी तिच्याकडून रोज वीस वेळा म्हणवून घेतलं. तराजूत ठेवल्यासारखा एकेक शब्द!

सरावाला मी तिला तिच्या आजोबांची जुनी भाषणं दिली होती. तिचा विषय एकदाच विचारला.

"पाणी," ती म्हणाली. "आपल्या झऱ्याचं. लहान मुलांची पोटं का बिघडतात ते. पण आजी, त्यात डुकरांचंसुद्धा—"

"पाणी चांगला विषय आहे. डुकरांचं मी बघते, तू श्वासाचं बघ!"

नंतर तिने आणखी दोनदा तोंड उघडलं होतं. दोन्ही वेळा मी तिला खांदे सरळ करायला सांगितलं.

तो दिवस आला. सभाघर भरलं. आमच्या सभाघराला भिंती नाहीत, खांब आहेत, त्यामुळे आत न मावलेलं गाव बाहेर गवतावर बसलं. माझ्या शेजारी एलिसापेता येऊन टेकली. महिला समितीची प्रमुख मी. महिन्यातून एकदा घरोघर जाऊन अंगण, संडास, पाण्याची भांडी तपासते. मागच्याच फेरीत एलिसापेताच्या पिंपात डासांच्या अळ्या सापडल्या, तेव्हा मी तिला चारचौघींत चांगलं सुनावलं होतं.

"तुमची मुकी बोलणार आहे ना आज?" तिने पंख्याआडून विचारलं.

"कान साफ करून बसा," मी म्हणाले.

फेतुआओ उभी राहिली. मोठ्यांसमोरून जाताना वाकून गेली, मग ताठ झाली. माझ्या तोंडावर नजर रोवली. आणि बोलली! खांबांवरच्या दोऱ्या थरथराव्यात असा आवाज. गवतावरचे लोक गुडघ्यांवर उठले. माझ्या छातीत नुसती भरती आली.

झऱ्याचं पाणी कुठून येतं ते तिने सांगितलं. या वर्षी किती मुलं आजारी पडली ते सांगितलं. मग म्हणाली, "झऱ्याच्या वर, उतारावर, एक डुकरांचा वाडा आहे. त्यात अकरा डुकरं आहेत. त्यांची घाण उतारावरून आपल्या पिण्याच्या पाण्यात येते."

माझा पंखा हलायचा थांबला. उतारावर वाडा एकच आहे.

नुसतं "वरची डुकरं" म्हणून पोरगी पुढे गेली असती तर निम्म्या गावाला कळलंही नसतं. पण तिने श्वास घेतला. पोटातून.

"ती डुकरं आहेत," ती माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "या किनाऱ्याला पहिली होडी लावणाऱ्या, वाऱ्याला थांब म्हणणाऱ्या, थोर लेआवासांच्या वंदनीय घराची!"

आणि थांबली. शिकवल्याप्रमाणे.

एवढं सुरेख मानाचं वाक्य ऐकल्यावर आमचे लोक काय करणार? सवयीने सगळ्या सभाघराने मान झुकवली आणि एका सुरात म्हटलं, "मालो!" म्हणजे शाबास! एलिसापेताचा मालो सगळ्यात शेवटी आला, आणि सगळ्यात लांब होता.

मी आयुष्यात भल्याभल्यांना गप्प केलंय. पण चटईवर बसल्या बसल्या माझे कान असे तापले, की त्यावर केळी भाजून निघाली असती. पोरगी तरीही नजर हलवेना! तिच्या कपाळावर घाम होता. फक्त डोळे तेवढे माझ्यावर होते, बुडणाऱ्याने वल्हं धरावं तसे.

लोसाबाई हळूच म्हणाल्या, "कुणी प्रश्न विचारेल का?"

कुणी विचारेना. सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. मी नुसतं "खाली बस" म्हटलं असतं तरी पुरे होतं. ती बसली असती. आजीने बस म्हटल्यावर आमच्याकडे नात उभी राहत नाही. आणि मग जन्मात पुन्हा उठली नसती, हेही मला ठाऊक होतं.

मी उठले.

"पोरी, घाण तिथूनच येते कशावरून? तू तिच्याबरोबर उतारावरून पोहत आलीस?"

लोक हसले. तिची हनुवटी पायाच्या अंगठ्याकडे झुकू लागली. लोसाबाईंची लेखणी कागदावर थांबली. मी हनुवटी वर केली. तिनेही केली.

"मी वाड्यातल्या चिखलात हळद ओतली," फेतुआओ म्हणाली. "बादलीभर पाण्यात कालवून. तीन वेळा. तिन्ही वेळा दुपारपर्यंत झरा पिवळा झाला. लोसाबाईंनी पाहिलंय."

"बादलीभर हळद! कुठून आणलीस?"

"तुझ्या फडताळातून, आजी."

या वेळचा मालो गवतावरूनही आला. लोसाबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं, खाली रेघ मारली आणि मान वर करून म्हणाल्या, "पास. वरच्या वर्गात."

पोरगी अजून उभीच. कुणी टाळी वाजवेना, कुणी उठेना. एलिसापेतासुद्धा पंखा मांडीवर ठेवून माझ्या तोंडाकडे बघत होती. घरची मोठी बाई काही बोलल्याशिवाय सभा कशी उठणार?

मी कमरेचं वस्त्र सारखं केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात नातीला म्हणाले, "अकरा नाहीत, तेरा आहेत. दोन डुकरिणी मागच्या बाजूला बांधल्यात. गावासमोर उभं राहायचं असेल, तर आधी नीट मोजावं!"